संशयाचा फायदा कोणाला? नाशिकच्या एका चित्रपट मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका छोट्या चित्रपट मंडळाचं आहे. मंडळाचं, कॉलेजचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी मंडळाचा सभासद नाही. चित्रपट शिकवतो, म्हणून वाद झाल्यावर बैठकांना बोलावणं आलं आणि नंतर हे सगळं लिहून ठेवायचं कामही माझ्याकडेच आलं.

पार्श्वभूमी

मंडळ महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतं. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजचा हॉल मिळतो. पहिल्या दोन रांगांत निवृत्त प्राध्यापक आणि बँकवाले, मधे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले इंजिनिअर, मागे विद्यार्थी. अध्यक्ष इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. हिशेब आणि पत्रव्यवहार बँकेतून निवृत्त झालेले काका बघतात. फौजदारी वकिली करणाऱ्या एक ताई समितीत आहेत. पोस्टर वगैरे एक तरुण आर्किटेक्ट हौसेनं करून देतो.

नाशिकमध्ये सिनेमाचा कुठलाही कार्यक्रम फाळक्यांपासून सुरू होतो. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्म, १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, नाशिकला आणलेली कंपनी, पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक, हे भाषण इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या भाषणात एक गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते: तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषानं ते केलं. लोक हसतात आणि भाषण पुढे सरकतं. पडद्यावर कोणाच्या वाटचं काम कोण करतं, हा प्रश्न मात्र या गावात तेव्हापासूनचा आहे.

मंडळानं यंदा निओ-न्वारची मालिका ठरवली. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेत जे काळोखे गुन्हेपट निघाले त्यांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये न्वार हे नाव दिलं. पुढे रंगीत जमान्यात, विशेषतः १९७० नंतर, तोच अविश्वास नव्या शहरांत आणि नव्या माणसांत उतरला, तो निओ-न्वार. यंत्रणा सडलेली, नायक स्वतःच डागाळलेला, आणि शेवटी सत्य कळलं तरी हाती काही लागत नाही. नाशिकसारख्या शहरात हे लोकांना पटकन लागू पडेल, असा सरांचा अंदाज होता. जमिनी, पाणी, पोलीस ठाणं, बिल्डर, हे सगळं इथल्या रोजच्या पेपरात असतंच.

पहिली यादी अशी होती: ‘चायनाटाउन’ (१९७४), ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६), ‘अर्धसत्य’ (१९८३), ‘अब तक छप्पन’ (२००४), ‘पुणे ५२’ (२०१३), ‘अंधाधुन’ (२०१८). चांगली यादी आहे. मला कोणी विचारलं असतं तर मीही यातले चार घेतले असते.

अडचण कुठे झाली

अडचण चित्रपटांपाशी झालीच नाही, आधी झाली ती पोस्टरपाशी. आर्किटेक्टनं जुन्या नाशकातल्या एका गल्लीचा रात्रीचा फोटो वापरला. जुन्या वाड्याची लाकडी गॅलरी, वायरींचं जाळं, पिवळा दिवा, अर्धं ओढलेलं शटर आणि पाठमोरा चालणारा एक माणूस: कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात काहीतरी लोंबणारं. फोटो काळा-पांढरा करून सावल्या गडद केल्या, म्हणजे हातातली वस्तू नुसता काळा गोळा झाली. वर मोठ्या अक्षरात मालिकेचं नाव आणि खाली ‘गुन्हा, सावली, शहर’. पोस्टर दिसायला झकास होतं, हे मान्य करायला हवं.

दोन दिवसांत ते व्हॉट्सॲपवर सगळीकडे गेलं. ज्या कॉलेजच्या हॉलमध्ये मालिका होणार होती, तिथेच शिकणाऱ्या एका मुलीनं ते मैत्रिणीच्या स्टेटसवर पाहिलं आणि पाठमोरा माणूस ओळखला. तो तिचा बाप होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिंपीकामाचं दुकान आहे. रात्रीची नमाज झाल्यावर नातवासाठी दूध घेऊन ते घरी निघाले होते. तोवर ते पोस्टर कोणीतरी ‘मामू डॉन’ असं लिहून पुढे पाठवलेलं होतं आणि गल्लीतल्या पोरांच्या ग्रुपवर त्यावर हसणंही झालं होतं.

मुलगी सरांना भेटायला गेली. आरडाओरडा नाही, तक्रारअर्ज नाही. तिनं दोन कागद पुढे ठेवले: एक पोस्टरची प्रत, दुसरी चित्रपटांची यादी. पोस्टरबद्दल तिला जे म्हणायचं ते ती एका वाक्यात बोलली. यादीबद्दल मात्र तिनं टिपणं काढली होती. सहाही चित्रपटांचे नायक पुरुष. मराठी आडनावाचे तीन, वेलणकर, आगाशे आणि आपटे. ‘डोंबिवली फास्ट’ घेतला असता तर आणखी एक आपटे झाले असते, हेही तिनं लिहिलं होतं. आणि शेवटी: “सर, यांच्यात जो गुन्हेगार आहे तो आमच्या गल्लीत राहतो, आणि ज्याला प्रश्न पडतात तो गंगापूर रोडला राहतो. असं का?”

सर हे मला सांगताना थोडे चिडलेलेच होते. “अहो, ‘अर्धसत्य’ हा पोलिसांवरची सगळ्यात धारदार टीका असलेला चित्रपट. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. आणि ही पोरगी आडनावं मोजते!”

आडनावं मोजणं मलाही अपुरं वाटतं. पण टिपण पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ती मोजणीवर थांबलेलीच नव्हती. ‘अर्धसत्य’समोर तिनं लिहिलं होतं: ‘कोठडीत मेलेल्या चोराला नाव आहे का?’ त्यातला पोलीस नायक वेलणकर ज्या किरकोळ चोराला मारतो आणि जो त्या मारानं मरतो, त्याचा मृत्यू चित्रपटात वेलणकरची शोकांतिका म्हणून येतो. ती शोकांतिका खरीच आहे, ओम पुरींच्या चेहऱ्यावर ती पाहताना घशात काहीतरी अडकतं. पण त्या चोराच्या घरी काय झालं, हे कॅमेरा विचारायला जात नाही.

नेमकं हेच ताईंनी पहिल्या बैठकीत त्यांच्या भाषेत मांडलं. “कोर्टात आम्ही संशयाचा फायदा मागतो. या सगळ्या चित्रपटांत तो एकाच माणसाला मिळतो. हिरो दारू पितो, बायकोशी खोटं बोलतो, माणूस मारतो, तरी आपण म्हणतो, बिचारा गुंतागुंतीचा आहे. बाकीचे एकतर आरोपी नाहीतर मयत.” पुढच्या सगळ्या चर्चेचा आधार हाच झाला. निओ-न्वारमधला धूसरपणा ही एक सवलत आहे. विविधतेचा प्रश्न इथे किती चेहरे कोणाचे एवढ्यावर संपत नाही. चूक करूनही प्रेक्षकाच्या जवळ राहण्याची ती सवलत कोणाला मिळते, हे बघावं लागतं.

समोर असलेले पर्याय

पहिली बैठक अडीच तास चालली. चार सूचना आल्या.

पहिली काकांची: पोस्टर काढून टाका, दिलगिरी व्यक्त करा, यादी तशीच ठेवा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मिसळू नका. यात व्यवहार होता. ओटीटीची वर्गणी घरी पाहण्यापुरती असते. हॉलमध्ये दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते, आणि काकांचा तीन जणांशी पत्रव्यवहार होऊन पैसे ठरले होते. यादी बदलायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी सूचना मालिकाच पुढे ढकलायची. ‘उगाच वाद नको, त्यापेक्षा संगीतपट घेऊ.’ ही एका ज्येष्ठ सभासदाची. त्यावर कोणी फार बोललं नाही, पण बैठकीत निम्म्या लोकांना मनातून हेच हवं होतं असं मला वाटलं.

तिसरी विद्यार्थ्यांपैकी दोघांची: यादी पूर्ण मोडा. ज्यांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या नाहीत त्यांचेच चित्रपट घ्या. इथे सरांनी जी हरकत घेतली ती मला बरोबर वाटते. ‘चायनाटाउन’ काढून टाकला तर पुढच्या कोणाला कशाशी भांडायचं आहे तेच प्रेक्षकाला कळणार नाही. शिवाय सहा ‘योग्य’ चित्रपट सलग दाखवले की लोक ते औषधासारखे घेतात.

चौथी सूचना हळूहळू तयार झाली. कोणी एकानं मांडली असं म्हणता येत नाही. जुने चित्रपट ठेवायचे, पण त्यांच्यासमोर दुसरे उभे करायचे, जे त्याच शहराकडे दुसऱ्या दारातून बघतात. आणि चित्रपटाआधी बोलणारा माणूस बदलायचा.

या बैठकीत आर्किटेक्टचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नाही असं माझं मत आहे. तो म्हणत होता, “मी ती गल्ली बदनाम करायला नाही काढली. शहरातली सगळ्यात सुंदर गल्ली म्हणून काढली.” हे खरंच होतं. त्याच्याकडे त्या भागातल्या वाड्यांचे शेकडो फोटो आहेत. मग त्यानं विचारलं, “न्वारमध्ये सगळेच संशयित असतात. तिथे एका माणसाची टोपी दिसली म्हणून एवढं?” मुलीचं उत्तर: “सगळेच संशयित असतात ना? मग कॉलेज रोडच्या एखाद्या काचेच्या ऑफिसचा फोटो का नाही सुचला?”

यावर तो गप्प झाला. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. ‘चायनाटाउन’मध्ये खरा गुन्हा कुठे घडतो? पाणीपुरवठा खात्यात, धरणाच्या फायलींत, खोऱ्यातल्या जमिनीच्या व्यवहारांत. खलनायक शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक आहे. तरी चित्रपटाला नाव मिळतं ते चिनी वस्तीचं. ती वस्ती शेवटच्या प्रसंगात येते आणि तिथले रहिवासी गर्दी म्हणून मागे उभे असतात. चिनी माणसं त्याआधी दिसतात ती नोकर म्हणून. काहीतरी अगम्य, अंधारं, जिथे कायदा चालत नाही, एवढंच त्या वस्तीचं काम. मंडळाच्या पोस्टरनं हुबेहूब तेच केलं होतं: गुन्हा एकीकडचा, वातावरण दुसरीकडून उसनं.

काय ठरलं आणि कसं

आधी पोस्टर. सर आणि ताई दुकानात गेले. सरांच्या मनात होतं की पहिल्या प्रयोगाला चाचांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, बोलवावं आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. मुलीनं ते आधीच मोडून काढलं होतं: “सर, शाल नको. जिथे पोस्टर टाकलं तिथेच लिहा.” तरी सरांनी दुकानात विषय काढलाच. चाचा शिवणयंत्रावर होते, त्यांनी पाय थांबवला नाही. म्हणाले, “साहेब, दुधाची पिशवी होती ती. तेवढी तरी दिसू द्यायची.”

मग आणखी एक पेच आला. ताईंना वाटत होतं की मूळ, न कापलेला, रंगीत फोटो खुलाशासह त्याच ग्रुपवर टाकावा, म्हणजे ज्यांनी हसून पुढे पाठवलं त्यांनाही कळेल. युक्तिवाद म्हणून हे पक्कं होतं. चाचांनी नकार दिला. फोटो पुन्हा फिरवायचा नाही, कोणत्याच कारणासाठी नाही. शेवटी फोटोशिवाय चार ओळींचा मजकूर गेला: परवानगी न घेता एका रहिवाशाचं छायाचित्र वापरलं, ते मागे घेतलं आहे, कोणाकडे असल्यास पुढे पाठवू नये. खाली सर आणि काका दोघांच्या सह्या. मजकुरावर एका सभासदानं ‘एवढं काय त्यात’ असं लिहिलं. त्याला उत्तर देण्याचं सगळ्यांनी टाळलं, ते बरं झालं.

नवं पोस्टर आर्किटेक्टनंच केलं. सरकारी कार्यालयातलं टेबल, हिरवा टेबललॅम्प, लाल फितीची फाईल आणि कोपऱ्यात गळका नळ. पहिल्याइतकं देखणं नाही, त्याचं स्वतःचंही तेच मत आहे.

यादीवर दोन बैठका गेल्या. अखेर ‘चायनाटाउन’नंतर ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ (१९९५) घ्यायचं ठरलं. शहर तेच, लॉस एंजेलिस, एकाची कथा १९३७ ची तर दुसऱ्याची १९४८ ची. दिग्दर्शक कार्ल फ्रँकलिन, वॉल्टर मोझली यांच्या कादंबरीवरून, आणि नायक इझी रॉलिन्सच्या भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. ‘अर्धसत्य’ ठेवला, पण प्रास्ताविक ताई करणार. ‘अब तक छप्पन’च्या जागी श्रीराम राघवन यांचा ‘एक हसीना थी’ (२००४), ज्यात सारिका वर्तक नावाची साधी नोकरदार मुलगी फसवली जाते, तुरुंगात जाते आणि मग गोष्ट हातात घेते. मागे लागलेली पोलीस अधिकारीही बाईच आहे. न्वारमध्ये एरवी बाई पुरुषाला बुडवायला येते, इथे तो हिशेब उलटा फिरतो. ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या जागी राजीव रवी यांचा मल्याळम ‘कम्मटीपाडम’ (२०१६). ‘अंधाधुन’ कायम.

‘पुणे ५२’ गळला. परवानगीचं पत्र वेळेत आलं नाही हे खरं कारण, पण ते आलं असतं तर काय केलं असतं यावर अजून एकमत नाही. मराठी मंडळाच्या मालिकेत एकही मराठी चित्रपट उरला नाही, ही सरांची खंत रास्त आहे. मुलीनं ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) सुचवला होता. सरांना तो न्वार वाटत नाही. मला वाटतं, जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्ह्यात उतरतो, ही गोष्ट न्वारच्या पुरती जवळची आहे, फक्त तिचा आवाज मोठा आहे. हा वाद तिथेच सोडला गेला.

प्रत्यक्ष काय घडलं

‘चायनाटाउन’ला हॉल भरला. चर्चा सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत जायकवाडीवर गेली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी गंगापूर धरण, वरची धरणं, मराठवाड्याला सोडायचं पाणी आणि २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप इतकं तपशीलवार सांगितलं की लोक वह्या काढून लिहून घ्यायला लागले. छान चाललं होतं. बऱ्याच वेळानं मागच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, “पण त्या शेवटच्या सीनमधली माणसं कोण होती?” कोणाला उत्तर देता आलं नाही. चित्रपटालाही ते देता येत नाही, म्हणून त्या वेळी प्रश्न तसाच ठेवला. माझ्या दृष्टीनं मालिकेतला सर्वांत उपयोगी क्षण तोच.

‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ला हॉल निम्मा. जे आले त्यांना चित्रपटातली एक गोष्ट फारच भिडली: इझी हेरगिरी पत्करतो ती सत्याच्या ओढीनं नाही. विमानाच्या कारखान्यातली नोकरी गेलेली असते आणि घराचा हप्ता भरायचा असतो. अंबडमधल्या एका कंपनीतले सुपरवायझर म्हणाले, “पहिल्यांदा एखादा डिटेक्टिव्ह बघितला ज्याला ईएमआय आहे.” हशा पिकला. पण त्यात विश्लेषण होतं. ‘चायनाटाउन’चा डिटेक्टिव्ह गिटिस शहरात कुठेही शिरू शकतो. फार तर नाक कापून घेतो. इझी समुद्रकिनाऱ्यावरच्या धक्क्यावर नुसता उभा आहे, एक गोरी मुलगी त्याच्याशी बोलते, आणि तेवढ्यावरून गोरी पोरं त्याला घेरतात. त्याच्यासाठी शहराचा नकाशाच वेगळा आहे. आणि इझीचं घर! गोऱ्या डिटेक्टिव्हला ऑफिस असतं, बाटली असते, घर नसतं. इझी आपल्या अंगणाची काळजी घेतो. संशयाचा फायदा त्यालाही मिळतो, पण तो मिळवायला त्याला पावलोपावली काळजी घ्यावी लागते, आणि चित्रपट ती काळजी दाखवतो.

‘अर्धसत्य’ आधी ताई बारा-पंधरा मिनिटं बोलल्या. चित्रपटाचं कौतुक एका वाक्यात संपवलं. मग कोठडीत माणूस दगावला तर कायद्यानं काय व्हायला हवं ते सांगितलं: न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी, शवविच्छेदन, नातेवाइकांना खबर. “आता बघा, आणि यातलं किती तुम्हाला पडद्यावर दिसतं ते मोजा.” चित्रपट लहान झाला नाही. सर नंतर मला म्हणाले की त्यांनी हा चित्रपट अनेकदा शिकवला आहे, पण त्या चोराच्या चेहऱ्याकडे या वेळी बघितलं.

‘एक हसीना थी’ लोकांना आवडला. विशेष काही घडलं नाही. एका विद्यार्थिनीनं, सूड घेणारी बाई ही पुरुषांनीच रंगवलेली कल्पना नाही का, असं विचारलं आणि त्यावर दोन गट पडले.

‘कम्मटीपाडम’च्या वेळी उपशीर्षकं इंग्रजी होती, म्हणून विद्यार्थ्यांनी कथेचा गोषवारा मराठीत एका पानावर छापून वाटला. कोची शहर वाढतं, दलित वस्तीची जमीन जाते आणि त्याच वस्तीतले गंगा आणि बालन आपल्याच लोकांना उठवायच्या कामाला लावले जातात. गंगाचं काम करणाऱ्या विनायकन यांना केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तरी गोष्ट आपल्यापर्यंत येते ती कृष्णन या मित्राच्या आठवणीतून, आणि ते काम दुलकर सलमान या मोठ्या ताऱ्याचं आहे. यावर प्रेक्षकांत मतभेद झाले. एकाचं म्हणणं, ताऱ्याशिवाय पैसा कोण लावणार. दुसऱ्याचं, मग गंगाची गोष्ट गंगा कधी सांगणार. एका मुलीनं हे थेट नाशकात आणलं: “शेती बिगरशेती झाली की निदान मालकाला पैसे मिळतात. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही त्यांचं काय?” प्लॉटिंगच्या धंद्यातले एक सभासद हजर होते. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या कार्यक्रमाला आले नाहीत.

आणि मग ‘अंधाधुन’, ज्याबद्दल सगळे निर्धास्त होते. तो यादीत पहिल्यापासून होता, वादात नव्हता. नायक आंधळा असल्याचं सोंग करतो, हा कथेचा गंमतीचा भाग. पहिल्या रांगेत बँकेतले एक दृष्टिहीन ऑपरेटर बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी हळू आवाजात पडद्यावर काय चाललंय ते सांगत होत्या. चर्चेत कोणीतरी तबूच्या अभिनयावर बोलत होतं. ते गृहस्थ उठले. “मला चित्रपट आवडला. शेजारचा तो पोरगा आहे ना, जो नायकाला खरंच दिसत नाही का याची परीक्षा घेतो आणि मोबाईलवर शूटिंग करतो? तसलं माझ्याबरोबर होतं. बसमध्ये, एटीएमपाशी. लोक डोळ्यांपुढे हात हलवून बघतात, तेही मला कळतं. तुम्ही सगळे त्या पोराच्या बाजूनं हसलात, ते ऐकू आलं.” ते बसले. मालिकेच्या एकाही बैठकीत अपंगत्वाचा मुद्दा कोणी मांडला नव्हता. मुलीच्या टिपणांतही तो नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

फोटोची परवानगी हा सोपा भाग. मंडळानं आता लेखी नियम केला आहे: ओळखू येईल असा माणूस किंवा ओळखू येईल असं घर पोस्टरवर असेल तर आधी विचारायचं, पोस्टरवर काय लिहिलं जाणार आहे तेही सांगायचं.

चर्चेआधीची भाषणं वाढत गेली. ताईंची पंधरा मिनिटं ठीक होती, नंतरच्या एका पाहुण्यांनी पाऊण तास घेतला आणि चित्रपटाचा शेवटही सांगून टाकला. काय बघायचं हे आधीच सांगितलं की प्रेक्षक तेवढंच बघतो. मला विचाराल तर बोलणं शक्यतो चित्रपटानंतरच असावं.

सगळ्यात मोठी गोष्ट तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू होई, चित्रपट आणि चर्चा मिळून दहा वाजत. सिडको, सातपूर, नाशिक रोडच्या मुली चित्रपट संपताच निघून जात, कारण पुढे बस मिळेल याची खात्री नसे. म्हणजे न्वारमधल्या स्त्रियांवरची चर्चा बहुतेक पुरुष करत होते. रिक्षाचं भाडं, घरी काय सांगायचं, हॉस्टेलची वेळ, हा विषय यादीच्या बैठकीत यायला हवा होता. चौथ्यापासून कार्यक्रम रविवारी दुपारी चारला केले, तेव्हा चर्चेला थांबणाऱ्यांत फरक पडला. दुपारी न्वार बघण्यात मजा नाही, असं दोघातिघांनी सांगितलं. त्यांची मजा थोडी कमी झाली असेल, माझी त्याला हरकत नाही.

जिल्ह्यात पेठ, सुरगाण्यापासून त्र्यंबकपर्यंत आदिवासी वस्ती आहे. कॉलेजात तिथली मुलं शिकतात. यादीत, वक्त्यांत, समितीत त्यांच्यापैकी कोणी नव्हतं. मालेगाव याच जिल्ह्यात, जिथे यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी हौसेनं स्वतःचे चित्रपट काढले. तिथल्या कोणाला गुन्हेपटावर बोलायला बोलवावं, हे सुचलं तेव्हा मालिका संपत आली होती.

चाचा एकदाही आले नाहीत. मुलगी आता निवड समितीत आहे, आर्किटेक्टही आहे. दोघांचं पटतं असं नाही. पुढच्या यादीच्या पहिल्याच बैठकीत ‘रात अकेली है’ (२०२०) वरून जुंपली. गुपचूप गोरेपणाची क्रीम लावणारा जटिल यादव हा इन्स्पेक्टर नायक म्हणून किती वेगळा आहे, असं तिचं म्हणणं. त्यानं अर्धा तास विरोध केला, मग काकांनी आठवण करून दिली की तो थेट नेटफ्लिक्सवर आलेला आहे, हॉलमध्ये दाखवायच्या परवानगीसाठी कोणाला लिहायचं तेच आधी शोधावं लागेल. ते काम दोघांवर मिळून सोपवलं आहे.